सोमवारची गोळी

करडवाडीच्या उपकेंद्राला खोल्या दोन. पुढच्या खोलीत सरकार राहायचं आणि मागच्या खोलीत महानंदा. सरकार म्हणजे एक टेबल, एक वजनकाटा, गोळ्या-औषधांचं कपाट आणि भिंतीवर 'पाळणा लांबवा' म्हणून सांगणारं एका हसऱ्या जोडप्याचं चित्र. महानंदा म्हणजे नर्सबाई. तीन वर्षांत गावानं तिला नावानं म्हणून हाक मारली नव्हती. कुणाचं बाळंतपण अडलं की ती देवमाणूस व्हायची, आणि नाळ कापून झाली की पुन्हा परकी.

ती मूळची भोकरची. नवरा होता, तो हिंगोलीला दुसरा संसार मांडून बसला होता, त्याच्याविषयी बोलण्यात काही अर्थ नाही. विशाखा नावाची आठ वर्षांची लेक होती, ती भोकरला आजीजवळ राहून शाळेत जायची. महानंदानं नांदेडकडं बदली मागितली होती. पण लातूर जिल्हा होऊन चारच वर्षं झालेली, कागदपत्रं अजून इकडची तिकडं चाललेली, त्यात तिचा अर्ज कुठं पडला होता ते देवालाच ठाऊक. म्हणजे तिच्या घरात देव नव्हता, बापानं छप्पन साली सगळे उचलून नदीला दिले होते. पण तोंडाची सवय जात नाही माणसाच्या.

त्यात दुष्काळ. लागोपाठ दुसरं साल. गावच्या आडाचं बूड दिसलं, पाटलाच्या विहिरीत उतरून वाटीनं पाणी भरायची पाळी आली, आणि साऱ्या गावात पाणी राहिलं ते उपकेंद्राच्या अंगणातल्या हापशाला. झालं! ज्या दारात कुत्रं फिरकत नव्हतं तिथं पहाटेपासून घागरींची रांग. भांडणं, हसणं, एकमेकींच्या सासवांची नक्कल, सगळं महानंदाच्या खिडकीखाली. वाटलं असेल तुम्हाला की बाईला सोबत मिळाली. कसली सोबत! रांगेतली एकही बाई पायरी चढायची नाही. महानंदा आपली घागर भरून आत गेली की मागून कुणीतरी चूळभर पाणी दांड्यावर ओतायचं आणि मग हापसायला घ्यायचं. प्यायला पाणी नव्हतं, पण दांडा धुवायला होतं. महानंदा खिडकीतून बघायची. पहिल्या दिवशी तिचं डोकं भणाणलं होतं. मग तेही बंद झालं. तिला रागही एकटीनंच करावा लागायचा, आणि एकटीनं माणूस किती दिवस रागावणार?

एकच जण आत यायची. रुद्राणी.

रुद्राणी म्हणजे पंचाक्षरी किराणावाल्याची बायको, नीलम्माची सून. उदगीरकडची, सातवी पास, चोविशीची. घरात कानडी बोलत वाढलेली, इथं सासरी सगळं मराठी, त्यामुळं मनातलं बोलायला तिला भाषाच उरली नव्हती. दोन मुली होत्या. दिवाळीच्या आधी तिसरं बाळंतपण झालं आणि रक्त थांबेना. महानंदानंच जीप मिळवली, महानंदाच तिचं डोकं मांडीवर घेऊन लातूरपर्यंत गेली. मूल दुसऱ्या दिवशी गेलं. रुद्राणी वाचली.

तेव्हा मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी महानंदाला बाजूला घेऊन बजावलं होतं. "हिला तीन वर्षं दिवस जाता कामा नयेत, सिस्टर. गेले तर मी काही हमी देत नाही. आत्ता अंगात रक्त नाही, म्हणून तांबी नको. तीन महिने पाळणा लांबवायच्या गोळ्या द्या, लोहाच्या गोळ्या द्या. रक्त भरलं की घेऊन या, तांबी बसवून टाकू."

महानंदानं मान डोलावली. आणि गावात आल्यावर रुद्राणीला सगळे मार्ग सांगितले. ऑपरेशन? "आत्याबाई घराबाहीर काढतील बाई, दोन पोरीवर कोन करू देतंय?" निरोध? रुद्राणी पदरात तोंड घालून हसली. "मालक माझ्याशी साखरंच्या भावाबिगर दुसरं काय बोलत न्हाईत. त्यांच्या हातात ते ठिवू कसं?" मग राहिल्या गोळ्या. महानंदानं पाकिटावर पेनानं वार लिहून दिले, सोमवार ते रविवार, चार ओळी. तीन ओळी पांढऱ्या गोळ्यांच्या, शेवटची काळपट, लोहाची. "ज्या दिवशी जो वार, त्याच्याखालची गोळी. रात्री जेवण झालं की घ्यायची. रोज. चुकवायची नाही." रुद्राणीनं चारदा म्हणून दाखवलं. हुशार होती पोरगी.

गोळ्या तिनं जोंधळ्याच्या कणगीत लपवल्या. पाकीट संपलं की घागर रांगेत ठेवून, "डोकं दुखतंय, गोळी मागून येते," म्हणत आत यायची. पहिल्या महिन्यात उंबऱ्याशी उभी राहिली. दुसऱ्या महिन्यात खुर्चीवर टेकली. तिसऱ्या महिन्यात मागच्या खोलीत आली, महानंदाच्या बाजेवर बसली आणि महानंदानं दिलेला चहा प्याली. महानंदा तिच्याकडं बघतच राहिली.

"अगं, कुणी बघितलं तर?"

"बघू द्या. चहा काय जात सांगतो व्हय?" रुद्राणी म्हणाली आणि बशी चाटूनपुसून रिकामी केली.

त्या दिवशी महानंदानं तिला विशाखाचा फोटो दाखवला. रुद्राणीनं उदगीरच्या आपल्या अव्वाच्या, म्हणजे आईच्या, गोष्टी सांगितल्या. एक कानडी गाणं म्हटलं, त्याचा अर्थ सांगता सांगता हसून लोळली. अर्धा तास गेला असेल नसेल. पण महानंदाला पुढचे आठ दिवस तो अर्धा तास पुरला.

आता तीन महिने झाले होते. रुद्राणीच्या गालावर रक्त दिसायला लागलं होतं. लातूरला नेऊन तांबी बसवायची वेळ झाली होती, आणि हे महानंदाला पक्कं ठाऊक होतं. मग का नेलं नाही? आधी मार्च एंड होता, टार्गेट होतं, रजिस्टरं होती. मग एप्रिलात लस आली. मग ऊन फार झालं. कारणांना काय, मागाल तेवढी मिळतात. पण खोटं कशाला सांगावं? तांबी एकदा बसली की तीन वर्षं बघायला नको. पाकीट नको, डोकेदुखी नको, बाजेवर बसायला कारणच नको. गोळ्यांनी काम चाललंय ना, मग चालू दे, असं ती स्वतःला सांगायची आणि रुद्राणीला म्हणायची, "पुढच्या महिन्यात बघू." तांबी म्हणून काही असतं, डॉक्टरीणबाईंनी तिच्यासाठी ती सांगून ठेवलीय, हे तिनं रुद्राणीला सांगितलंच नाही. हे महानंदानं केलं, आणि जाणूनबुजून केलं.

मृग कोरडा गेला तेव्हा गावच्या बायांनी महादेवाला सोमवार बोलले. पाऊस पडेस्तोवर दर सोमवारी निरंकार, आणि अमावास्येलाही. थुंकी गिळायची नाही म्हणे. पुढाकार नीलम्माचा. सोमवारी हापशावर सगळं चिडीचूप असायचं, बाया सुकल्या ओठांनी निमूट पाणी भरायच्या, ज्या पाण्यातला थेंब त्यांना चालत नव्हता. महानंदा ते बघायची आणि तिला कीव यायची, चीड यायची. एवढंच. तिच्या घरात उपासतापास बापाच्या काळातच संपले होते. सोमवार म्हणजे तिला आठवड्याच्या मीटिंगचा दिवस.

श्रावण निम्मा झाला. एका दुपारी रुद्राणी आली ती बाजेवर न बसता उभीच राहिली.

"बाई, पाळी आली न्हाई."

महानंदा स्टोव्हला पंप मारत होती. रांगेत पाळ्यांवरनं भांडणं रोजचीच. "येईल की. ती शिवकांता दोन घागरी जास्तीच्या भरते, मी बोलते तिला."

"पाण्याची न्हाई हो. माझी."

महानंदाचा हात थांबला. "किती दिवस?"

"ईस दिवस वर गेले."

"गोळ्या घेतेस ना?"

"रोज."

"चुकली नाही?"

"एकबी न्हाई. तुमची आन."

"पाकिटं आण बघू. आहेत का टाकलीस?"

"सरकारी औषध टाकंन कसं मी?" रुद्राणी जरा रागावूनच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं कमरेला बांधून तीन पाकिटं आणली आणि टेबलावर ओळीनं मांडली. पहिल्या दोन पाकिटांत वार लिहिलेल्या खणांतली गोळी न गोळी संपलेली, फक्त सोमवारची उभी रांग तशीच. तीन पांढऱ्या, एक काळपट. दुसऱ्या पाकिटात तशाच. तिसरं आत्ताच फोडलेलं, त्यातलाही सोमवार तसाच. शिवाय दुसऱ्या पाकिटात एक मंगळवारही राहिला होता, त्या दिवशी अमावास्या होती.

महानंदानं पाकीट उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. "हे काय गं?"

"सोमवारच्या हायत त्या. आठ धा झाल्या आसतील, दुसऱ्या कुनाला दिवून टाका." आणि वर मान करून, अगदी शाळेत बक्षीस घेतल्यासारखं, "एकबी सोमवार मोडला न्हाई मी, बाई."

"अगं बये!" महानंदा ओरडलीच. बाहेर हापसा क्षणभर थांबला. तिनं आवाज खाली आणला. "अगं गोळी म्हणजे काय जेवण आहे का? रोज म्हणजे रोज सांगितलं होतं ना मी? काय करून बसलीस हे!"

रुद्राणीचा चेहरा उतरला. "निरंकार हाय बाई आमचा. पोटात गेलं म्हंजी मोडलाच की. आन तुमीच म्हनला व्हता, जेवन झालं की घ्यायची. सोमवारी जेवनच न्हाई, तर गोळी कशी घ्यू?"

महानंदानं पाकीट खाली ठेवलं. खरंच म्हणाली होती ती. गोळीनं मळमळू नये म्हणून म्हणाली होती. ज्या घरात जेवण चुकतं त्या घरात भुकेनं चुकतं, एवढंच तिला माहीत. मुद्दाम न जेवणाऱ्या घरात ही गोळी कशी घ्यायची ते तिनं सांगितलंच नव्हतं. एक विसरली तर आठवल्याबरोबर घ्यायची, दोन लागोपाठ चुकल्या तर भरवसा धरायचा नाही, हेही नाही. आणि ही पोरगी दर सोमवारी तिच्याच अंगणात उपाशी पोटी पाणी भरत होती.

"दिवस गेलेत का?" रुद्राणीनं विचारलं.

"वाटतंय तसं."

रुद्राणी खाली बसली, बाजेवर नाही, जमिनीवर. बराच वेळ ती फरशीवरची माती बोटानं गोळा करत राहिली.

"आत्याबाईला कळलं तर म्हनतील सोमवार फळाला आले. गावात साखर वाटतील."

"त्या काय म्हणतील ते सोड. तुला काय वाटतंय?"

"मला वाटतंय मी मरंन." ती अगदी साध्या आवाजात म्हणाली. "मागल्या डावाला रगत जात व्हतं ना बाई, तवा मला समदं ऐकू येत व्हतं. डोळं उघडत नव्हते, पर ऐकू येत व्हतं. थोरली दारात हुभी व्हती. इचारत व्हती, अव्वा कुठं चालली? कुनीच तिला सांगंना."

महानंदा तिच्यासमोर जमिनीवर बसली. मग तिनं सगळं नीट सांगितलं, एक शब्द न गाळता. ठेवायचं असलं तर महिन्याच्या महिन्याला लातूरला तपासायला जायचं, धोका आहे, मोठा आहे. ठेवायचं नसलं तर दवाखान्यात पिशवी साफ करून मिळते, चोरून नाही, कायद्यानं मिळते, आणि आत्ताच केली तर जिवाला धोका कमी. गावठी औषध, काडी, सुईण, असलं काही करायचं नाही. नवऱ्याची सही लागत नाही. "तुझी लागते. तुझी एकटीची. म्हणून तूच ठरव. मी सांगणार नाही."

"तुमी माझ्या जागी आसता तर?"

"मी तुझ्या जागी नाही, रुद्राणी."

ती उठली, पदर सारखा केला आणि गेली. दोन दिवस हापशावर दिसली नाही. महानंदा खिडकीशी बसून राहायची. नीलम्मा स्वतः घागर घेऊन आली तेव्हा ती खिडकीतून मागं सरली. पण म्हातारीनं नेहमीसारखा दांडा धुतला, पाणी भरलं आणि गेली. तिसऱ्या दिवशी रुद्राणी रांगेत होती. तिचा नंबर आला तेव्हा महानंदा मुद्दाम अंगणात गेली. हापसता हापसता, तोंड खाली, रुद्राणी म्हणाली, "देव देतो तवा आईला मारून देत न्हाई. सोमवारी जाऊ. तसंबी उपाशीच आसते मी."

घरी तिनं रक्त तपासायचं म्हणून सांगितलं. नीलम्मा कुरकुरली, म्हणाली सोमवारचं कशाला, पण जाऊ दिलं. रक्ताचं कारण म्हातारीला पटण्यासारखं होतं. तिनंही ते रक्त बघितलं होतं.

एसटीत दोघी शेजारी बसल्या. रुद्राणी खिडकीतून बघत होती. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. ढेकळं, बाभळी, रोजगार हमीवर खडी फोडणाऱ्या बाया. औसा मागं पडलं तेव्हा तिनं महानंदाचा हात धरला आणि लातूर येईपर्यंत सोडला नाही. महानंदाला कुणी असं धरून किती वर्षं झाली होती कुणास ठाऊक. आणि अशा वेळी, अशा कारणासाठी निघालेल्या गाडीत, तिला बरं वाटलं. वाटू नये ते वाटलं. तिची तिलाच लाज वाटली.

डॉक्टरीणबाई त्याच होत्या. त्यांनी रुद्राणीला ओळखलं, तपासलं, रक्त-लघवी पाठवली. दीड-दोन महिने, म्हणाल्या. पाकिटं बघितली, सोमवारची गोष्ट ऐकली, कपाळाला हात लावला. मग म्हणाल्या, "घाबरू नको. साधन वापरूनही राहिलं तर साफ करून घेता येतं, कायद्यातच आहे तसं. इथं तुझी सही कर." रुद्राणीनं सावकाश, एकेक अक्षर दाबून सही केली. तेवढ्यात रक्ताचा कागद आला. डॉक्टरीणबाईंनी तो वाचला आणि चष्म्यावरून महानंदाकडं बघितलं.

"सिस्टर, हिचं रक्त चांगलं भरलंय की."

"हो मॅडम."

"आजचं नाही हे. उन्हाळ्यातच भरलं असेल. तीन महिन्यांनी तांबीला आणा म्हणून सांगितलं होतं मी. नऊ महिने होऊन गेले. कुठं होतात?"

रुद्राणीनं एकदा डॉक्टरीणबाईंकडं बघितलं, एकदा महानंदाकडं.

"तांबी म्हंजी?" तिनं विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी ड्रॉवरमधून काढून तिच्या तळहातावर ठेवली. एवढीशी, इंग्रजी टी सारखी, तार गुंडाळलेली. ती पिशवीत बसवतात, तीन वर्षं राहते, मूल हवं तेव्हा काढता येते. पहिले दोन-तीन महिने पाळीला जरा जास्त जाईल, पोटात दुखेल, फारच झालं तर यायचं. खाली दोरा असतो तो बोटाला लागतोय का तेवढं पाळीनंतर बघायचं. "हिला सोमवार नाही, अमावास्या नाही," डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या. "उपवास कर, नाहीतर पुरणपोळी खा."

रुद्राणी हसली नाही. "आजच बसवता यील का, हे झाल्यावर?"

"येईल."

"बसवा," रुद्राणी म्हणाली, आणि महानंदाकडं न बघता आत गेली.

दुपार कलती झाली तेव्हा ती वॉर्डातल्या खाटेवर पडून होती. रंग उडाला होता, पण नाडी चांगली होती. महानंदानं चहा आणि बिस्किटं आणली होती. सोमवार आहे, घेईल की नाही, या विचारात ती कप हातात धरून उभी होती. रुद्राणीनं हात पुढं केला, कप घेतला आणि एका दमात चहा संपवला. मग म्हणाली, "तीन महिन्यांनी आना म्हनले व्हते?"

"हो."

"मला का सांगितलं न्हाई?"

मार्च एंड, लस, ऊन, सगळी कारणं महानंदाच्या जिभेवर आली. एकही बाहेर पडलं नाही. "तांबी बसली असती तर तू आली नसतीस," ती म्हणाली. "दर महिन्याला. गोळ्या न्यायला. म्हणून."

रुद्राणीला आधी समजलंच नाही. मग समजलं. महानंदाला वाटलं ती रडेल, नाहीतर ओरडेल. तेही बरं झालं असतं. तिनं रिकामा कप खाटेखाली ठेवला.

"मी आपली म्हनत व्हते माझंच चुकलं. दोन दिवस झोपले न्हाई. देवाला म्हनलं, माझ्या येडेपनाची शिक्षा त्या जिवाला कशाला." तिचा आवाज चढला नाही. "चहा पाहिजे व्हता तर बोलवायचं, बाई. कसं बी करून आले आसते मी. तुमच्या एकटेपनापायी माझ्या दोन पोरी उघड्यावर पडल्या आसत्या."

महानंदानं मान खाली घातली. खरं होतं ते. माफ कर म्हणावं, तर तो शब्द तिच्या तोंडात फार लहान वाटला. तरी ती म्हणाली. रुद्राणीनं भिंतीकडं कूस बदलली.

परतीच्या गाडीत मधल्या बाकावर जागा होती, तरी रुद्राणी पुढं बायांच्या सीटवर जाऊन बसली. करडवाडीच्या फाट्यावर उतरल्यावर ती पुढं चालू लागली, हळूहळू, पोटाशी हात धरून. महानंदा मागं, वीस पावलांवर, ती पडली तर धरता यावी एवढ्याच अंतरावर. गाव येईपर्यंत रुद्राणीनं एकदाही मागं बघितलं नाही.

दीड महिना गेला. पाऊस नव्हताच. महानंदानं तपासणीचं निमित्त करून एकदा पंचाक्षरीच्या दुकानापर्यंत जाऊन बघितलं, तर रुद्राणी पोत्यावर बसून थोरलीची वेणी घालत होती. बरी दिसत होती. तिनं महानंदाला बघितलं आणि पोरीच्या डोक्यात मान घातली. महानंदानं मीठ घेतलं आणि परत आली. घरी मीठ होतं. तिला वाटलं होतं कधीतरी ती येईल, निदान दोरा लागत नाही म्हणून, पोट दुखतंय म्हणून. मग तिच्या लक्षात आलं की आपण त्या पोरीचं दुखणं मागतोय. तिनं स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. खरोखर मारली, आवाज झाला. खोलीत ऐकायला कुणी नव्हतं.

एका सकाळी हापशावर रांग होती. खिडकी उघडी होती. रांगेत शिवकांता कुणाला तरी दबक्या आवाजात सांगत होती, चौथ्याला वर्ष झालं नाही, पुन्हा भ्या वाटतंय, काय करावं. तेवढ्यात रुद्राणीचा आवाज आला, खणखणीत, साऱ्या रांगेला ऐकू जाईल असा.

"हितं काय रडतीस? आत जा की. नर्सबाई हाय ना. इचार तिला. सगळं काय काय असतंय ते इचार, एकावर थांबू नको. सोमवारचं इचार, अमावास्येचं इचार, जेवनाआधी का जेवनानंतर ते इचार. आन ती म्हनली पुढल्या महिन्यात बघू, तर का म्हनून इचार. उत्तर दिल्याबिगर उठू नको."

महानंदा खिडकीशी होती, ती पुढच्या खोलीत टेबलापाशी आली. शिवकांता पायरीपाशी घुटमळली, मागं बघितलं, रुद्राणीनं तिला हातानं पुढं ढकललं. मग ती चढली. उंबऱ्यातच उभी राहिली.

"ये," महानंदा म्हणाली. "बस."

शिवकांता खुर्चीच्या कडेवर टेकली. महानंदानं कपाट उघडलं आणि सगळं टेबलावर मांडलं. ऑपरेशनचं सांगितलं, बाईचंही आणि बाप्याचंही. निरोध दाखवला. गोळ्यांचं पाकीट दाखवलं, सोमवारी उपाशी असलं तरी घ्यायची, घोटभर पाण्यानं, नाहीतर गोळीच्या वाटेला जायचं नाही, हे तीनदा सांगितलं आणि तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. तांबी दाखवली. कशानं काय त्रास होतो, कशाला किती वेळा दवाखान्यात यावं लागतं, सगळं. बाहेर घागर भरल्याचा आवाज आला, मग रुद्राणीची पावलं अंगणातून फाटकाकडं गेली.

शिवकांता टेबलाकडं बघत होती. "बाई, ह्याच्यातलं कोनतं केलं तर तुमच्याकडं सारखं यावं लागनार न्हाई?"

"तांबी," महानंदा म्हणाली.

"मग तीच. कवा जायचं?"

"उद्या," महानंदा म्हणाली. "उद्याच जाऊ."